एका पावलाचे चार धनी

श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगररांगांमध्ये २,२४३ मीटर उंचीचं एक सुळकेवजा शिखर आहे. देशातलं ते सर्वांत उंच शिखर नव्हे, पण समुद्रावरून येणाऱ्या खलाशांना शतकानुशतकं लांबून ओळखू येई ते हेच. माथ्यावर थोडीशी सपाट जागा, तिथं एक मोठा खडक आणि त्या खडकावर पावलासारखा दिसणारा, सुमारे १.८ मीटर लांबीचा खळगा. बौद्धांच्या श्रद्धेनुसार हे गौतम बुद्धाचं डावं पाऊल. तमिळ हिंदू म्हणतात, शिवाचं. मुस्लिम परंपरेत स्वर्गातून पृथ्वीवर उतरवलेला आदम पहिल्यांदा इथं उभा राहिला. ख्रिश्चनांपैकी काहींनी ते संत थॉमसचं मानलं. सिंहली लोकांचं ‘श्री पाद’, तमिळांचं ‘शिवनोळिपाद मलै’ आणि इंग्रजी नकाशांमधलं ‘ॲडम्स पीक’ ही एकाच डोंगराची नावं.

हा मतभेद नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं तो नोंदवून ठेवला आहे: मुसलमान म्हणतात वर आदमची कबर आहे, मूर्तिपूजक म्हणतात शाक्यमुनीची. त्यानंतर, १३४४ साली, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता स्वतः शिखरावर जाऊन आला. त्याच्या प्रवासाची सोय केली ती आर्यचक्रवर्ती या जाफन्याच्या हिंदू राजानं. पाहुण्याला आदमच्या पावलाचं दर्शन घ्यायचंय म्हटल्यावर राजानं पालखी दिली, दरवर्षी तिथं यात्रेला जाणारे चार जोगी दिले, सोबत तीन ब्राह्मण आणि सामान वाहायला माणसं दिली. शेवटच्या कड्यावर चढण्यासाठी लोखंडी साखळ्या होत्या. त्यांतल्या सर्वांत वरच्या साखळीला कलम्याची साखळी म्हणतात, कारण तिथून खाली पाहिलं की भीतीनं माणूस कलमा म्हणू लागतो, असं बतूता लिहितो. जोगी आणि ब्राह्मण आपल्या देवाच्या पावलाकडे निघाले होते, बतूता आपल्या आदिपित्याच्या. वाट एकच होती, आणि पाऊल नक्की कुणाचं यावर कुणी अडून बसल्याची नोंद नाही.

२०१२च्या जनगणनेनुसार श्रीलंकेत सुमारे ७० टक्के बौद्ध, साडेबारा टक्के हिंदू, पावणेदहा टक्के मुसलमान आणि साडेसात टक्के ख्रिश्चन आहेत. या देशानं जवळपास २६ वर्षांचं यादवी युद्ध पाहिलं, धर्माच्या नावावर दंगली पाहिल्या, देवळांत आणि चर्चमध्ये बॉम्ब फुटलेले पाहिले. तरीही एकाच आवारात तीन-तीन धर्मांचे लोक नवस फेडताना दिसतात. याचं श्रेय साधारणपणे ‘सहिष्णुते’ला देऊन लेखक मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. ही तीर्थं टिकली ती उदार विचारांपेक्षा वहिवाटीवर: कोणी कधी यायचं, दिवा कोणी लावायचा, मिरवणुकीत पुढं कोण, किल्ली कोणाकडे. जिथं ही वहिवाट जुनी आणि पक्की आहे तिथं चार कथा शेजारी-शेजारी राहतात. जिथं ती मोडून ‘मुळात हे कोणाचं?’ असा प्रश्न विचारला गेला, तिथं भांडण उभं राहिलं.

डोंगराची शिस्त

श्री पादाची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला संपते. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, सरकारी सुट्टी असते. त्यामुळे यात्रेचं वेळापत्रक पंचांगाला आपोआप जुळतं. खरं कारण मात्र हवामानाचं: मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि डोंगर ढगात बुडतो. यात्रा सुरू होताना पेल्मडुल्लच्या विहारातून डोंगराचा रक्षक देव ‘समन’ याची मूर्ती मिरवत वर नेतात, आणि यात्रा संपली की परत खाली आणतात. एवढ्या काळात वाटेवर दिवे असतात, चहाची दुकानं असतात. एरवी अंधार आणि जळवा.

हट्टनकडून जाणारी वाट चहाच्या मळ्यांतून नल्लतण्णी गावी पोहोचते आणि तिथून सुमारे साडेपाच हजार पायऱ्या. रत्नपुराकडची वाट जुनी, लांब आणि अवघड. बहुतेक जण रात्री चढतात, म्हणजे पहाटे माथ्यावर सूर्योदय सापडतो. वारीत दिंडी असते तशी इथं ‘नडे’ असते. गावातल्या पंचवीस-तीस माणसांचा हा जथा, आणि अनेकदा यात्रा केलेला जाणता माणूस त्याचा ‘नडे गुरा’. कुठं थांबायचं, कुठं आंघोळ करायची, काय बोलायचं नाही, हे तो सांगतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ‘कोडुकारया’ म्हणतात, आणि त्याच्यावर बारीक नजर असते. ‘इंदिकटुपान’ नावाच्या टप्प्यावर यात्रेकरू सुईत दोरा ओवून ती सुई तिथं खोचतात आणि दोऱ्याचं रीळ उलगडत वर जातात. माथ्यावर घंटा आहे. जितक्या वेळा यात्रा झाली तितके टोल द्यायचे, म्हणून नवख्याचा एक आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याचे कधी वीस-पंचवीस.

या विधींमध्ये दुसऱ्या धर्माच्या माणसाला अडेल असं फारसं काही नाही. दर्शन, दिवा, घंटा, सूर्योदय. इथं करण्यासारखं पुष्कळ आहे, मान्य करण्यासारखं थोडं. पावलाची कथा प्रत्येक जण आपापल्या घरून घेऊन येतो.

पण चार धनी म्हणजे चार सारखे हिस्सेदार नव्हेत. सोळाव्या शतकात सीतावकचा राजा पहिला राजसिंह शैव झाला आणि त्यानं डोंगर शैव बैराग्यांकडे सोपवला. अठराव्या शतकात कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह यानं तो पुन्हा भिक्खूंना दिला. तेव्हापासून कारभार बौद्ध संघाकडे आहे. १९७२च्या राज्यघटनेनं बौद्ध धर्माला ‘अग्रस्थान’ दिलं आणि १९७८च्या घटनेनं ते कायम ठेवलं. म्हणजे किल्ली एकाकडे आहे आणि दार सगळ्यांना उघडं आहे. ही समानता नाही, पण रोजच्या व्यवहाराला ती आजवर पुरली आहे.

दाताची मिरवणूक आणि गोव्याचं उखळ

कँडीच्या ‘दळदा मालिगावा’मध्ये बुद्धाचा दात जपून ठेवला आहे. परंपरा सांगते की चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाला हिनं तो केसांत लपवून लंकेत आणला. पाचव्या शतकात चिनी भिक्खू फाहियान यानं अनुराधपुरात या दाताची मिरवणूक पाहिली होती. पुढं असा समज रुजला की दात ज्याच्याकडे, राज्य त्याचं. त्यामुळे राजधानी हलली की दातही हलला.

आज ऑगस्टच्या सुमारास निघणारा ‘एसळ पेराहेरा’ जगभरचे पर्यटक बौद्ध सोहळा म्हणून पाहतात. पाच रात्री ‘कुंबल’, पुढच्या पाच रात्री ‘रंदोली’. सजवलेले हत्ती, ढोल, चाबूक, मशाली. मूळ दात देवळातच राहतो, हत्तीवरून करंडक निघतो. पण या मिरवणुकीत दातामागून चार देवळांचे ताफे असतात: नाथ, विष्णू, कतरगम म्हणजे स्कंद, आणि पत्तिनी. पत्तिनी म्हणजे तमिळ महाकाव्यातली कण्णगी. एकेकाळी ही मिरवणूक फक्त या देवांचीच होती. १७५३ साली भिक्खुसंघाची दीक्षापरंपरा पुन्हा सुरू करण्यासाठी सयामहून भिक्खू आले. बौद्ध राजधानीत एवढा मोठा उत्सव आणि त्यात बुद्ध नाही, याचं त्यांना नवल वाटलं. कीर्ती श्री राजसिंहानं तोडगा काढला: देवांना बाहेर काढलं नाही, दाताला सगळ्यांत पुढं ठेवलं. हा राजा दक्षिण भारतातल्या नायक्कर घराण्याचा, शैव वातावरणात वाढलेला. दोन्ही बाजूंचे मानपान त्याला ठाऊक होते. त्यानं ठरवलेला क्रम आजही पाळला जातो.

या दाताच्या इतिहासात गोवाही येतो. १५६० साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो दी ब्रागान्सा यानं जाफन्यावर स्वारी केली आणि लुटीत एक दात मिळवला. हाच बुद्धाचा दात, अशी बातमी पसरली. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजानं त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. खजिना रिकामा होता, सरदारांना सौदा हवा होता. पण मूर्तिपूजेला हातभार लावणं पाप आहे, असं धर्मगुरूंनी बजावलं, आणि आर्चबिशप गास्पर यांनी गोव्यात सगळ्यांसमक्ष तो दात उखळात कुटून जाळून टाकला. सिंहली परंपरा मात्र सांगते की तो दात खोटाच होता. खरा दात रत्नपुराजवळच्या देल्गमुव विहारात नाचणी दळायच्या जात्यात दडवलेला होता, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी पहिला विमलधर्मसूर्य यानं तो कँडीला आणला.

महाराष्ट्राचा धागा याहून सुखद आहे. अनुराधपुरातला ‘जय श्री महाबोधी’ हा वृक्ष बोधगयेच्या मूळ बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढला. ती फांदी अशोकाची मुलगी संघमित्रा घेऊन आली, असं महावंस ही श्रीलंकेची प्राचीन बखर सांगते. लागवडीचा काळ लिखित नोंदीतून ज्ञात असलेला, माणसानं लावलेला हा जगातला सर्वांत जुना वृक्ष मानला जातो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच वृक्षाच्या फांद्यांपासून भदंत आनंद कौसल्यायन यांनी लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. त्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूसाठी अनुराधपूर हे परक्या देशातलं क्षेत्र राहत नाही.

बाणावलीचा फकीर

दात कुटल्यानंतर सव्वाशे वर्षांनी गोव्यातून आणखी एक माणूस लंकेत आला, तो वेगळ्याच रीतीनं. तोवर किनारपट्टी डचांच्या ताब्यात गेली होती. डच प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकललं आणि कॅथलिक पूजेवर बंदी घातली. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ १६८७ साली भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला उतरले. तमिळ आणि सिंहली शिकले, रात्री गुपचूप घरोघर जाऊन प्रार्थना घेऊ लागले. डचांच्या हद्दीत कॅथलिकाला थारा नव्हता; तो मिळाला कँडीच्या बौद्ध राज्यात. तिथं पोहोचल्यावर आधी हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. पुढं राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानं मोकळीक दिली. अवर्षणात राजाच्या विनंतीवरून त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, ही कथा तिथले कॅथलिक आजही सांगतात. देवीच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केल्याची नोंद मात्र पक्की आहे. १७११ साली कँडीतच त्यांचा मृत्यू झाला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संत घोषित केलं. श्रीलंकेचा पहिला संत असा कोकणी घरातला निघाला.

त्याच दिवशी पोप मडूला गेले. मन्नारच्या जंगलातलं मडूच्या मातेचं देऊळ हे श्रीलंकेतलं सर्वांत मोठं कॅथलिक तीर्थ. १६७०च्या सुमारास डचांच्या भीतीनं मांतईच्या कॅथलिक कुटुंबांनी मरियमची मूर्ती उचलली आणि जंगलात आसरा घेतला, तीच ही मूर्ती. १५ ऑगस्टच्या यात्रेला तमिळ आणि सिंहली दोन्ही भाषांत प्रार्थना होतात. हिंदू आणि बौद्धही येतात, आणि तिथली माती सर्पदंशावर गुणकारी म्हणून घरी नेतात. कोलंबोच्या कोच्छिकडेतलं संत अंतोनीचं चर्चही याच जातीचं: मंगळवारी रांगेत कोणत्या धर्माची माणसं जास्त, हे सांगणं अवघड असतं. कुणाला मूल हवं असतं, कुणाची वस्तू हरवलेली असते, कुणाचा मुलगा परीक्षेला बसलेला असतो. सिंहलीत नवसाला ‘बारय’ म्हणतात. बारय बोलताना समोरच्या देवाचा धर्म कोणता, हा प्रश्न मागं पडतो, कारण अडचण मोठी असते.

कार्तिकेयाचं दुसरं रूप

देशाच्या आग्नेय भागातलं कतरगम म्हणजे या सगळ्याचा कळस. माणिक गंगेच्या काठी स्कंदाचं देऊळ, जवळच ‘किरी वेहेर’ हा पांढरा बौद्ध स्तूप, आणि त्याच पवित्र परिसरात हजरत खिज्र यांच्या नावाची मशीद. हिंदूंचा मुरुगन, बौद्धांचा रक्षक ‘कतरगम देवियो’, मुसलमानांचे अमरत्वाचं पाणी प्यालेले खिज्र. जंगलात राहणाऱ्या वेद्दा आदिवासींचा तर देव जावईच, कारण त्याची पत्नी वल्ली त्यांच्या नायकाच्या घरी वाढली.

मराठी वाचकाला इथं धक्का बसेल. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. पुण्याच्या पर्वतीवर त्याचं देऊळ आहे, पण कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राचा योग असल्याशिवाय बायकांनी दर्शन घ्यायचं नाही, अशी रूढी. कतरगमचा उत्सव मात्र देवाच्या प्रीतीचाच आहे. रोज रात्री हत्तीवरून करंडक निघतो, त्यात मूर्ती नसते, यंत्र असतं. तो वल्लीच्या देवळात जातो, काही वेळ थांबतो आणि परततो. मुख्य देवळातही मूर्ती दिसत नाही, फक्त चित्रांचे पडदे. पुजारी ब्राह्मण नाहीत; ते सिंहली ‘कपुराळ’. भाविक फळांचं ताट, ‘पूजा वट्टी’, देतात आणि त्यातला वाटा प्रसाद म्हणून परत मिळतो. हे ताट बौद्धांचं आणि हिंदूंचं सारखंच असतं. कावडी नाचतात, निखाऱ्यांवरून चालतात, आणि शेवटच्या सकाळी माणिक गंगेत ‘पाणी कापण्या’चा विधी होऊन उत्सव संपतो. मशिदीतही त्याच काळात झेंडा चढतो.

तमिळ भाविक उत्तरेकडून पायी येतात. जाफन्याकडून पूर्व किनाऱ्यानं मुल्लैतीवू, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, पोत्तुविल करत ही पदयात्रा ओकंदाला पोहोचते. तिथून बिबट्यांच्या आणि हत्तींच्या कुमन-याल जंगलातून कतरगम. वनखातं ठरावीक दिवसांपुरती जंगलवाट उघडतं. युद्धामुळे बंद पडलेली ही पदयात्रा १९८८ साली, युद्ध चालू असतानाच, पुन्हा सुरू झाली.

‘मुळात कोणाचं?’

या सहवासाची दुसरी बाजू झाकता येत नाही. त्रिंकोमालीच्या कड्यावरचं कोनेश्वर हे लंकेतल्या पाच ईश्वरस्थानांपैकी एक. १६२२ साली पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. विसाव्या शतकात तीर्थं पुन्हा निशाणा झाली, या वेळी देशातल्याच माणसांकडून. १९८५ साली स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या ‘तमिळ वाघ’ (एलटीटीई) संघटनेनं अनुराधपुरात यात्रेकरूंसह सुमारे दीडशे लोक मारले. १९९० साली कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार झाला. १९९८ साली दळदा मालिगावाच्या दारात बॉम्बचा ट्रक फुटला. १९९९ साली मडूत आसरा घेतलेले निर्वासित तोफगोळ्यांनी मेले. युद्ध २००९ साली संपलं, आणि २०१९च्या ईस्टरला कोच्छिकडेसह तीन चर्च आणि कोलंबोतली हॉटेलं आत्मघाती हल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. २६०हून अधिक माणसं गेली. धर्मस्थळावर घाव घातला की तो एका वस्तीपुरता राहत नाही, हे प्रत्येक हल्लेखोराला ठाऊक होतं.

बॉम्बपेक्षा हळू चालणारं एक हत्यारही आहे. बलांगोडाजवळ कुरगल नावाचा कडा आहे. बगदादचे सूफी अब्दुल कादिर जिलानी इथल्या गुहेत ध्यानाला बसले होते, या श्रद्धेनं मुसलमान तिथं उरूस भरवत आले; त्यांच्यासाठी ते ‘दफ्तर जैलानी’. त्याच गुहांमध्ये ख्रिस्तपूर्व काळातले ब्राह्मी लेख आहेत, भिक्खूंना गुहा दान दिल्याचे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: आधी भिक्खू राहिले, पुढं सूफी यात्रा सुरू झाली. पण पुरातत्त्वाचा पुरावा मालकीचा दाखला म्हणून वाचला जाऊ लागला, आणि गेल्या काही दशकांत उरुसाची जागा आक्रसत गेली, स्तूपाचा परिसर वाढत गेला. उत्खननात चूक नव्हती. जुना थर सापडला म्हणजे वरच्या थरातल्या माणसांनी उठावं, हा निष्कर्ष चुकीचा होता. श्री पादावर असं कधी झालं नाही, कारण तिथल्या पावलाला कालनिर्णयाच्या कसोटीवर कुणी लावलं नाही.

याच देशात उलट उदाहरणंही रोजच्या व्यवहाराची आहेत. जाफन्याजवळच्या नैनातीवू या चिमुकल्या बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि बौद्धांचं नागदीप विहार चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन नागराजांचं रत्नसिंहासनावरून पेटलेलं भांडण मिटवायला बुद्ध इथं आला, अशी कथा आहे. कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून सुटणारी होडी दोन्हीकडचे भाविक नेते.

पाल्कच्या सामुद्रधुनीतलं कच्छतीवू तर राजकीय वादाचंच बेट. १९७४च्या करारानं ते श्रीलंकेकडे गेलं, तमिळनाडूत त्यावरून आजही सभा तापतात, आणि दोन्हीकडचे मच्छीमार जाळ्यांवरून आणि हद्दीवरून भांडत असतात. बेटावर कायमची वस्ती नाही, प्यायला पाणी नाही. फक्त संत अंतोनीचं एक चर्च आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन दिवस रामेश्वरमच्या आणि जाफन्याच्या होड्या इथं एकत्र येतात, आणि भारतीय यात्रेकरूला या दोन दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. ती सवलत करारातच आहे. सगळे वाद सुटेपर्यंत यात्रा थांबवायची, असं ठरलं असतं तर ती कधीच झाली नसती. दोन सरकारांनी बेट कोणाचं ते ठरवतानाच यात्रेकरूंची सोयही कागदावर लिहून दिली. तीर्थं वाटून घेण्यासाठी माणसांचं एकमत व्हावं लागतंच असं नाही. होडी कधी सुटणार, किती जण जाणार आणि परत कधी यायचं, एवढं आधी ठरलेलं असलं तरी चालतं.